अनसूयाबाईंच्या एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या

अख्खी इंग्रजी भाषा जबलपूरच्या मराठी मंडळाने एका संध्याकाळी आपसांत वाटून घेतली, आणि तीही चहा यायच्या आत. साल एकोणीसशे बत्तीस, होळी नुकतीच झालेली. मंडळाचे चिटणीस शरच्चंद्रजी यांनी ठराव मांडला, की आपल्या मंडळाने एक 'सुलभ इंग्रजी-मराठी शब्दसंग्रह' काढावा. ठराव मांडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच तो पास झाला. मग 'ए' वकीलसाहेबांनी घेतला, 'बी' डॉक्टरांनी घेतला, 'एक्स'साठी तर तिघांत ओढाताण झाली, कारण त्यात शब्द सर्वांत कमी. 'एस' खुद्द चिटणीसांनी ठेवून घेतला. प्रसादाच्या साखरफुटाण्यांसारखी सव्वीस अक्षरं बघता बघता संपली.

"आम्हाला काहीच नाही का?" बायकांच्या सतरंजीवरून आवाज आला.

पुढच्या रांगेत बसलेल्या विष्णुपंतांनी मान न वळवता तो आवाज ओळखला. चोवीस वर्षं ओळखत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. संकट आलं की ते चष्मा पुसत. घरी तो चष्मा नेहमी लख्ख असे.

अनसूयाबाईंचं इंग्रजी घरगुती होतं. शाळा मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं त्यांनी मुलांच्या टाकून दिलेल्या रीडरांमधून, औषधाच्या बाटल्यांवरून आणि किराणा बांधून येणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून मिळवलं होतं. त्यामुळे त्यांना विलायतेतल्या पुष्कळ बातम्या अर्ध्याच ठाऊक होत्या. बातमी पुढे कुठे गेली, तर अर्धा शेर तूरडाळीबरोबर शेजारी.

शरच्चंद्रजी हसले. माणूस प्रेमळ होता. प्रेमळ माणसाने केलेला अपमान परतवता येत नाही, हीच त्यात मोठी गैरसोय असते.

"काहून नाही, वहिनी! तुम्ही एक शब्द घ्या. सोपासा. एस, ई, टी. सेट. तीनच तर अक्षरं आहेत, स्वयंपाक करता करता होऊन जाईल. अक्षय्य तृतीयेला ज्याचं काम पुरं, त्याचं नाव पुस्तकात छापू. तुमचंही छापू, बरं का!"

पुरुषांच्या बाजूने कौतुकाची खसखस पिकली. अनसूयाबाईंना ती ऐकू आली नाही. त्या 'छापू' या शब्दापाशीच थांबल्या होत्या. त्यांचं नाव आजवर कुठे छापलंच नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत 'आमची द्वितीय कन्या' एवढंच होतं, आणि दवाखान्याच्या वहीत 'ट्रान्सलेटर बाबू की घरवाली'.

घरी पोचेपर्यंत त्यांनी दम धरला. मग विचारलं, "अहो, सेट म्हणजे काय?"

विष्णुपंत डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मराठी कागदांचं इंग्रजी करायच्या नोकरीवर होते. जबलपूरचं सरकारी कामकाज हिंदीत चाले. महिन्याकाठी नागपूरकडचा एखादा मराठी कागद वाट चुकून आला तर त्यांना काम. बाकी वेळ ते शांतपणे दऊत भरून ठेवत.

"ठेवणे," ते म्हणाले. "झालं तुझं काम. पान वाढ."

पानं वाढली गेली. अनसूयाबाईंनी एका चिठ्ठीवर 'ठेवणे' लिहिलं, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या अगदी सुखी होत्या.

सकाळी विरजणाच्या भांड्यावरची ताटली उचलली, तर एका रीडरमधलं जुनं वाक्य आठवलं. तिथेही सेटच! दह्याचं दही होतं ते सेट. म्हणजे 'लागणे'. लगेच दुसरी चिठ्ठी. तेवढ्यात मिरच्यांच्या पुडीवर दिसलं, की सूर्य मावळतो तेही सेटच. तिसरी. दुपारी सोनाराकडे नथीचा सुटलेला मोती बसवायला गेल्या, तर त्याच्या दुकानातल्या विलायती पत्रकात मोती बसवणं म्हणजे सेट. अनसूयाबाई नथ तिथेच विसरून पत्रक घेऊन घरी आल्या.

आणि मग तो शब्द सुटलाच. हाड बसवणे सेट, घड्याळ लावणे सेट, वस्तऱ्याला धार देणे सेट, परीक्षेचा पेपर काढणे सेट, चुना घट्ट होणे सेट, आंब्याला कैरी धरणे सेट. त्यांना वाटे, चिचुंद्री म्हणून शेपूट धरली आणि ओढता ओढता बिळातून हत्ती निघाला. पोळी तव्यावर टाकायची, काही आठवलं की चिठ्ठी लिहायला धावायचं. त्या महिन्यात विष्णुपंतांनी एका बाजूने करपलेल्या पोळ्या विनातक्रार खाल्ल्या. तक्रार केली ती एकदाच.

"अगं, एका शब्दाला किती अर्थ असतील? कुठेतरी थांबायचं असतं."

"शब्द थांबत नाहीये, तर मी कशी थांबू?" अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांच्या गालाला कणीक लागली होती आणि डोळे असे चमकत होते, की विष्णुपंतांनी चष्मा पुसायला घेतला.

साठाव्या चिठ्ठीला मात्र गाडं अडलं. घरातल्या वस्तू संपल्या. तेव्हा सल्ला द्यायला शेजारच्या राधाबाई आल्या. राधाबाई अकोल्याकडच्या. त्यांचे पती पुंडलिकराव सरकारी कारखान्यात फिटर होते. राधाबाईंच्या मते जगातली कोणतीही अडचण अशी नव्हती, की जी चार बायका जमवल्याने सुटत नाही.

"तुमी एकल्याच काहून मरून राहिल्या वो बाई? आपल्या इथं कोनाचा नवरा रेल्वेत हाय, कोनाचा तारघरात, कोनाचा छापखान्यात. येकेकाच्या कामात येकेक मतलब असंन ना! चैताचं हळदीकुंकू तर हायेच. हरभऱ्यासंगं द्या चिठ्ठी वटीत."

अनसूयाबाईंनी राधाबाईंना तिथल्या तिथे मिठी मारली.

चैत्रगौरीपुढे त्या वर्षी कैरीची डाळ, पन्हं, हळदकुंकू, अत्तर, आणि प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर एक घडी घातलेली चिठ्ठी. वर इंग्रजीत ठळक 'सेट', खाली रिकामी रेघ. "यजमानांना विचारायचं, त्यांच्या कामावर ह्याचा काय अर्थ होतो. लिहून परत आणायचं. तुमचं पुढचं हळदीकुंकू असेल तिथे मी येईन, तिथे द्यायची."

बायकांना असा खेळ हवाच होता. आजवर नवऱ्याच्या कामाची चौकशी केली की "तुला काय कळतंय?" हे उत्तर ठरलेलं. आता त्या कमरेवर हात ठेवून विचारू लागल्या, "सांगा बरं, सेट म्हणजे काय? नाही येत? वीस वर्षं नोकरी करून?" घराघरांत पुरुषांची झोप उडाली. माहीत नाही म्हणायची सोय नव्हती, कारण शेजारणीच्या नवऱ्याने दोन अर्थ दिले होते. ते बिचारे चिठ्ठ्या कामावर नेऊन वरच्या बाबूंना विचारू लागले. छापखान्यातून आलं, 'खिळे जुळवणे'. सुताराकडून आलं, 'करवतीचे दात एक इकडे एक तिकडे वाकवणे'. तारघरातून आलं, 'यंत्र'. टेनिसचे चेंडू वेचणाऱ्याच्या बायकोने आणलं, 'साहेबांचा डाव, हरल्यावर फार बोलतात'. अनसूयाबाई घरोघरी हळदकुंकू घेत, ओटी पसरत, आणि घरी येऊन हरभऱ्यांतून चिठ्ठ्या निवडत. चैत्र संपता संपता डब्यात एकशे त्रेचाळीस झाल्या. झाकण लागेना. ते बांधायला त्यांनी परकराची नाडी काढली.

अक्षय्य तृतीया नऊ दिवसांवर होती, आणि नेमकी तेव्हाच कारखान्याच्या फाटकावर पुंडलिकरावांची झडती झाली.

ते दिवस कायदेभंगाचे. सरकारला मांजर आडवं गेलं तरी त्यामागे चळवळ दिसे. फाटकावरच्या गोऱ्या सार्जंटला पुंडलिकरावांच्या डब्यात पोळीखाली एक चिठ्ठी सापडली: वर एक इंग्रजी शब्द, खाली रिकामी रेघ. राधाबाईंनी आणखी एक अर्थ आणायला बजावलं होतं. मग त्याने सगळ्यांचे डबे उघडायला लावले. आणखी चार चिठ्ठ्या निघाल्या. तोच शब्द, तीच रेघ, पाचही जण मराठी. पाचांना वेगवेगळं विचारलं तरी उत्तर एकच आलं: "बायकोला हळदीकुंकवात मिळाली."

एवढ्या एकमुखी साक्षीवर कोणता सरकारी माणूस विश्वास ठेवील?

तिसऱ्या दिवशी भरदुपारी इन्स्पेक्टर शालिग्राम तिवारी दोन शिपायांना घेऊन अनसूयाबाईंच्या दारात उभे. विष्णुपंत कचेरीत. अनसूयाबाईंनी आधी तिघांना पन्हं दिलं, कारण ऊन फार होतं, आणि मग काय ते विचारलं.

इन्स्पेक्टरांनी ओशाळून एक कागद काढला. "माताजी, ये सार्जंट साहब की रिपोर्ट है. लिखते हैं, 'हलदी-कुंकू' नाम की औरतों की एक गुप्त संस्था है. मेंबरों के माथे पर लाल निशान रहता है. संदेसा भीगे चने में छुपाकर भेजती हैं." त्यांनी मान खाली घातली. "मैंने कहा, हुज़ूर, ऐसा निशान तो मेरी घरवाली भी लगाती है. साहब बोले, तब तो मामला बहुत गहरा है."

चिठ्ठ्यांचा डबा आपोआप पुढे आला. लपवायचं काय त्यात? अनसूयाबाईंना उलट वाटलं, सरकारनेच विचारलं तर दाखवावं. पण इन्स्पेक्टर देवनागरी वाचणारे. मराठीही अर्धीमुर्धी कळे. ते चिठ्ठ्या चाळू लागले आणि त्यांच्या मिशा हळूहळू ताठ झाल्या. काही चिठ्ठ्या त्यांनी बाजूला काढल्या आणि जमिनीवर ओळीने मांडल्या.

"ज़रा ये देखिए. सूर्य मावळणे. घड्याळ लावणे. निघणे. सापळा लावणे. आग लावणे. कैद्याची सुटका करणे." त्यांचा आवाज चढला. "माताजी, ये तो पूरा प्लान है!"

अनसूयाबाईंनी वाकून पाहिलं. मनातल्या मनात त्यांना कबूल करावं लागलं, की मांडणी छान जुळली होती. आपल्याला हा क्रम सुचला नाही याचं वाईटही वाटलं.

"आणि हे?" त्यांनी दुसरी चिठ्ठी पुढे केली. "दही लागणे. हे कुठे बसतं तुमच्या प्लॅनमध्ये?"

"वो कोड होगा."

"आणि हाड बसवणे?"

इन्स्पेक्टर विचारात पडले. "वो... लड़ाई के बाद का इंतज़ाम."

डबा जप्त झाला. आणि तेव्हा कुठे अनसूयाबाईंच्या लक्षात आलं, की डब्याबरोबर पुस्तकातलं नावही चाललं. नक्कल नव्हती. सहा दिवस उरले होते. डोळ्यांत पाणी आलं. पण शिपायांसमोर रडायचं नाही म्हणून त्यांनी पंचनाम्याचा ताबा घेतला.

"'कागज़ के टुकड़े' असं लिहू नका. शब्दकोशाच्या चिठ्ठ्या लिहा. एकशे त्रेचाळीस. मोजा माझ्यासमोर. नाडी पण लिहा, ती माझी आहे."

"जी, माताजी. नाम?"

"अनसूयाबाई."

इन्स्पेक्टरांनी नावाआधी सरकारी रीतीचं 'मुसम्मात', म्हणजे श्रीमती, लावलं.

"पति का नाम... वो हम जानते हैं. उम्र?"

"चालीस," अनसूयाबाई म्हणाल्या, थोड्या घाईने.

"पेशा? घर का कामकाज लिख दूँ?"

अनसूयाबाईंनी जमिनीवर मांडलेल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"पेशा शब्दकोश. लिहा."

आणि त्यांनी लिहिलं. शेजारून पंच म्हणून बोलावलेल्या राधाबाईंनी अंगठा उठवला.

आता जप्त मालात मराठी मजकूर, म्हणजे वर पाठवण्याआधी त्याचं इंग्रजी भाषांतर जोडायला हवं, असा नियम. जबलपुरात मराठीचा सरकारी ट्रान्सलेटर एकच. डबा फिरत फिरत दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांच्या टेबलावर आला. चौदा वर्षांत त्यांच्याकडे आलेलं सर्वांत मोठं काम त्यांच्याच घरून आलं होतं.

ते हेडक्लार्ककडे गेले. म्हणाले, ही माझी पत्नी आहे, हे काम मला नको. हेडक्लार्क म्हणाले, "दूसरा ट्रान्सलेटर नागपुर में है. आप हलफनामा लिख दीजिए, कि एक अक्षर इधर का उधर नहीं करेंगे. और नियम है कि माल का मालिक सामने बैठे, पर बोले नहीं."

अशा रीतीने अनसूयाबाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची कचेरी पाहायला गेल्या. सरकारी बोलावण्यावरून. स्टुलावर बसल्या, मागे एक शिपाई, त्यांनी बोलू नये म्हणून. समोर विष्णुपंत. पण हे घरचे विष्णुपंत नव्हतेच. पाठ ताठ, तीन कागदांमध्ये कार्बन घातलेले, टाक हातात असा धरलेला जसा सोनार चिमटा धरतो. नोकरी राहते की जाते याची धास्ती कपाळावर स्पष्ट होती, पण अक्षर एक हललं नाही.

"क्रमांक एक," ते सरकारी आवाजात म्हणाले. "ठेवणे." आणि लिहिलं: सेट.

"क्रमांक दोन. दही लागणे." सेट.

"क्रमांक तीन. मावळणे." सेट.

दहाव्या चिठ्ठीला हेडक्लार्कनी डोकावून पाहिलं. "पंतजी, सब जगह एक ही शब्द?"

"भाषांतर तेच आहे, साहेब."

"तो नीचे डिट्टो मार दीजिए."

"नियमात डिट्टो बसतं?"

हेडक्लार्कनी नियम काढून पाहिला. शपथेवरच्या भाषांतरात डिट्टो बसत नव्हतं.

चाळिसाव्या चिठ्ठीनंतर मात्र आवाज बदलू लागला. "कैरी धरणे," विष्णुपंत म्हणाले आणि थांबले. "अच्छा. हो की. मोहोर गळाला नाही म्हणजे..." त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. "बात करना मना है," शिपाई म्हणाला. 'करवतीचे दात वाकवणे' आलं तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला आणि चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली. चौदा वर्षं इंग्रजीवर पोट भरणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. नव्वदाव्या चिठ्ठीला ते पुढची चिठ्ठी उघडायच्या आधी हात चोळू लागले. शिपाईसुद्धा स्टुलाजवळ सरकून ऐकायला लागला. "साहेबांचा डाव, हरल्यावर फार बोलतात," यावर तो हसला आणि मग त्यानेच स्वतःला गप्प केलं.

एकशे त्रेचाळीस ओळी. डावीकडे विष्णुपंतांच्या सुबक अक्षरात एकशे त्रेचाळीस मराठी अर्थ, उजवीकडे एकशे त्रेचाळीस वेळा सेट. सही, शिक्का.

डेप्युटी कमिशनर साहेबांपुढे फाइल गेली. दाराबाहेर विष्णुपंत उभे, चष्मा पुसत. आत एकेक पान उलटत होतं. मग असा आवाज आला, की पंखा ओढणारा दचकून थांबला. साहेब हसत होते. फाइल बाहेर आली तेव्हा त्यावर 'बंद' असा शेरा होता, आणि शेवटच्या ओळीखाली साहेबांनी स्वतः लिहिलं होतं: एक अर्थ राहिला, कोंबडीला अंड्यांवर बसवणे; मेमसाहेब रोज करतात. खरंच राहिला होता. ज्यांच्या अंगणात फक्त तुळस, त्या घरांतून तो येणार कुठून?

पण डबा? जप्त माल साठ दिवसांनी परत, हा नियम. साहेबांचं हसू नियमापुढे चालत नाही. मात्र त्याच नियमात असंही होतं, की भाषांतराची तिसरी प्रत मालकाला द्यावी. कार्बनची, फिकट, पण शिक्क्यासकट. विष्णुपंतांनी ती घरी आणली आणि आणताना सायकल हातात धरून चालत आले, वाऱ्याने उडू नये म्हणून.

अक्षय्य तृतीयेला सभा भरली. वकीलसाहेबांचा 'ए' दुसऱ्या पानावर अडकला होता. मध्ये एक दिवाणी दावा आला होता. डॉक्टरांच्या 'बी'ला गोवर आडवा आला. 'एक्स'वाल्यांचा शब्द एकच झाला होता आणि त्यावरही मतभेद. चिटणीसांचा 'एस' अजून सुरूच व्हायचा होता. मग सरकारी शिक्क्याची ती प्रत पुढे आली आणि हातोहात फिरली. एकशे चव्वेचाळीस ओळी, विष्णुपंतांनी खाली शाईने उतरवून घेतलेल्या कोंबडीसकट. सतरंजीवर राधाबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "एकशेबारावा माया मालकाचा हाय."

शरच्चंद्रजी माणूस प्रेमळच. ते उठले. "मंडळी, पुस्तक होईल तेव्हा होईल. तूर्त वहिनींचा शब्दच आपण वेगळा छापू. मुखपृष्ठावर ठसठशीत: संग्राहिका, सौभाग्यवती विष्णुपंत."

टाळ्या पडल्या. अनसूयाबाईंनीही दोन वाजवल्या. मग हात मांडीवर ठेवले. वाद कशाला घालायचा? एवढं झालं हेच पुष्कळ. त्या हरभरे निवडताना बघत तसं खाली बघू लागल्या.

पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. आयुष्यात कधी सभेत न बोललेले विष्णुपंत उभे राहिले होते. चष्मा पुसत नव्हते.

"असं छापता येणार नाही," ते कचेरीतल्या आवाजात म्हणाले. "या प्रतीला पंचनामा जोडलेला आहे. त्यात नाव नोंदलंय. सरकारी कागदातलं अक्षर इकडचं तिकडे करणार नाही, असं मी शपथेवर लिहून दिलंय. जसं आहे तसंच छापावं लागेल." आणि त्यांनी कागद उलगडून मोठ्याने वाचलं, "मुसम्मात अनसूयाबाई. पेशा, शब्दकोश."

सतरंजीवर कुणीतरी नाक ओढलं, बहुधा राधाबाई. अनसूयाबाईंनी वर पाहिलं.

विष्णुपंतांनी मग मधली गाळलेली ओळही वाचली, कारण शपथ म्हणजे शपथ.

"उम्र, चालीस साल."

खरं वय बेचाळीस होतं. त्या अख्ख्या सभेत अनसूयाबाईंखेरीज हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो खाली बसला.